गाडीची सीट कुरकुरते तेव्हा



वाडीत राहून मराठीच्या मास्तराने यंत्राविषयी बोलावे, हे जरा धारिष्ट्याचेच काम आहे. नागपुराहून अमरावतीच्या रस्त्याने बाहेर पडले की वाडी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्टची ऑफिसे, गोदामे, टायरवाले, कमानीवाले, वेल्डिंगवाले. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता; २०१० साली महामार्गांच्या क्रमांकांची नवी मांडणी झाली आणि तो ५३ झाला. अशा गावात पोरासोरांनाही पान्याचे नंबर तोंडपाठ असतात. मी मात्र कॉलेजात व्याकरण शिकवतो. तरीही मोटारीच्या कुरकुरणाऱ्या सीटविषयी चार शब्द सांगण्याचा मला थोडा हक्क पोहोचतो, कारण अशाच एका सीटने मला महिनाभर फसवले; खरे म्हणजे मीच स्वतःला फसवले.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी मी एक वापरलेली मोटार विकत घेतली. कोंढाळीच्या बाजूला माझे रोजचे जाणे-येणे. गोंडखैरी मागे पडली की सीटखालून आवाज सुरू व्हायचा. ब्रेक दाबला की एकदा, गाडी सुटली की एकदा. मी घरी आलो, स्वयंपाकघरातून तेलाची बाटली उचलली आणि सीटखाली जिथे जिथे लोखंड दिसले तिथे तिथे तेल सोडले. आवाज गेला. मला वाटले, जिंकलो. चार दिवसांनी आवाज परत आला. पुन्हा तेल. हा क्रम महिनाभर चालला. शेवटी घरातून तक्रार आली, "अहो, गाडीत बसलं की फोडणीचा वास येतो!"

मग एका रविवारी खडगाव रस्त्यावरच्या एका कमानीवाल्याकडे गेलो. ट्रकांच्या कमानींचे पाटे बदलण्यात ज्यांची हयात गेली असे हे वयस्क गृहस्थ. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी सीट पुढे सरकवली, मागच्या अंगाने हात घालून चाचपले आणि विचारले, "सर, तुमी तेल टाकून राहिले, पण बोल्ट पाह्यले का?" मी पाहिले नव्हते. सीटचा मागचा एक बोल्ट त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. दोन आट्यांवर तो अडकून राहिला होता. आधीच्या मालकाने गाडीत नवे कार्पेट घालून घेतले होते. त्या वेळी सीट काढून परत बसवताना कोणीतरी तो आवळायचा विसरला असावा. तो बोल्ट महिनाभर मला हाक मारत होता आणि मी त्याच्या तोंडात तेल ओतून त्याला गप्प करत होतो.

ही गोष्ट एवढी मनाला लावून घेण्याचे कारण काय? थोडे गणित करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी जर एकाएकी कशावर आदळून थांबली, तर आतल्या माणसाच्या अंगातला वेग हा सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेल्या माणसाच्या वेगाइतका असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून उडी मारल्यासारखेच झाले. त्या क्षणी पट्टा माणसाला धरून ठेवतो. आजच्या बहुतेक मोटारींत पट्ट्याची खाच, म्हणजे ज्यात आपण पट्ट्याची जीभ खट्‌कन बसवतो ती, सीटच्याच सांगाड्याला जोडलेली असते. आणि सीट कशाने धरलेली असते? बहुधा चार बोल्टांनी. त्या चारांतला एक माझ्या गाडीत दोन आट्यांवर होता.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की आवाज बंद करण्याच्या आधी आवाज कशाचा आहे ते शोधावे. आणि शोधायचे तर आवाज मुळात होतो कसा, हे ठाऊक हवे.

शिक्षकमंडळींना हे सांगायला नकोच. फळ्यावर खडू ओढताना अंगावर काटा आणणारी जी 'चीं' होते, तीच ही गोष्ट. धान्याचे भरलेले पोते जमिनीवरून ढकलायचे असले तर पहिला जोर जास्त लागतो, आणि एकदा ते हलले की कमी जोरात सरकते. थांबलेल्या वस्तूचे घर्षण जास्त, सरकत्या वस्तूचे कमी. फ्रान्समध्ये आमाँताँ यांनी १६९९ साली आणि पुढे कूलाँ यांनी १७८५ साली घर्षणाचे हे नियम नीट मांडून ठेवले. आता दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर दाबून हळूहळू सरकवले तर काय होते? आधी ते चिकटतात. जोर साचत जातो. जोर पुरेसा साचला की एकदम निसटतात. जोर ओसरला की परत चिकटतात. हे चिकटणे-निसटणे सेकंदाला शेकडो वेळा झाले की आपल्याला सूर ऐकू येतो. सारंगीचा गज तारेवरून फिरतो तेव्हा हेच घडते; म्हणून तर गजाला राळ लावतात, तार चांगली चिकटावी म्हणून. आपल्या सी. व्ही. रामन यांनी व्हायोलिनच्या तारेचा हाच प्रकार अभ्यासला आणि १९१८ साली त्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. हे रामन सरकारी अर्थखात्यातल्या नोकरीमुळे १९१० च्या सुमारास काही काळ आपल्या नागपुरात होते, हे सहज सांगून ठेवतो. सारंगीला सूर हवा असतो म्हणून राळ. सीटला सूर नको असतो म्हणून वंगण. शास्त्र एकच.

वर्गात मुलांना दाखवायचे असेल तर खर्च काही नाही. लांब खडू फळ्याला जवळजवळ काटकोनात धरून ढकला, तो किंचाळेल. तोच मोडून आखूड करा आणि तिरपा धरून ओढा, बहुधा गप्प होईल. पृष्ठभाग तेच, खडू तोच. फक्त थरथरणारी लांबी आणि धरण्याची तऱ्हा बदलली. सीटमध्येही कधी कधी असेच होते. तेल न घालता नुसती एक पट्टी थोडी वाकवली किंवा एक बोल्ट आवळला, की आवाज जातो.

आता तेलाकडे येऊ. आपल्या वाडवडिलांना हे ज्ञान होते. बंडीच्या आसाला वंगण घालीत, त्याला कोणी ओंगण म्हणत. बंडीला लटकवलेल्या नळकांड्यात ते भरलेले असे. ते कशाचे करीत? एरंडेलाचे, त्यात चिंध्यांची किंवा गवताची काजळी खलून. घरात जवसाचे तेल असे, आपल्या विदर्भात तर ते भाजीतही असे. पण ते आसाला लावीत नसत. का बरे? जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, त्याची साय धरते. रंगकाम करणारे म्हणूनच ते रंगात घालतात. एरंडेल असे सुकत नाही, आणि ते दाट असते. १९०९ साली इंग्लंडात वेकफील्ड यांच्या कंपनीने मोटारीसाठी जे तेल काढले त्यात एरंडेल होते आणि त्यावरूनच त्याचे नाव कॅस्ट्रॉल पडले. इंग्रजीत एरंडेलाला कॅस्टर म्हणतात. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिने एरंडेलावर चालली. आपल्या गाडीवानाला विमान ठाऊक नव्हते, एरंडेल मात्र ठाऊक होते.

माझी चूक यावरून ध्यानात येईल. फोडणीचे तेल थोडे दिवस ओले राहते, मग चिकट होते, त्यावर धूळ बसते. आमच्या रस्त्यावर धुळीला तोटा नाही. तेल आणि बारीक वाळू एकत्र आली की सहाणेवर उगाळल्यासारखे लोखंड घासत राहते. म्हणजे आवाज बंद करण्याच्या नादात मी सीटचे रूळ झिजवत होतो.

आता प्रत्यक्ष शोध. इथे मात्र मराठीचा मास्तर थोडा कामाला येतो. इतर भाषांचे मला ठाऊक नाही, पण आपल्या भाषेत आवाजांना नावांची कमी नाही, आणि नीट ऐकून योग्य शब्द लावला की निम्मा शोध तिथेच लागतो. आवाज 'टक' किंवा 'खट' असा तुटक असेल, आणि ब्रेक दाबताना एकदा व गाडी सुटताना एकदा येत असेल, तर समजावे की काहीतरी सैल आहे आणि पुढेमागे आपटते आहे. बोल्ट किंवा रुळाचा खटका. हा आवाज सगळ्यांत हळू, आणि सगळ्यांत महत्त्वाचा. माझा आवाज मुळात असा होता, पण मी त्याला आळसाने 'कुरकुर' म्हणत राहिलो.

खरी 'कुरकुर' म्हणजे खड्ड्यातून जाताना, अंग वरखाली होताना येणारी. ती गादीखालच्या तारेच्या स्प्रिंगांची. स्प्रिंगेचा आकडा जिथे सांगाड्यात अडकतो, तिथे लोखंडावर लोखंड घासते. जुनी लोखंडी खाट ज्यांनी वापरली आहे त्यांना ही ओळखीची आहे. पाठ टेकली की 'कर्र' वाजले तर पाठीच्या बिजागरीत बघावे. सीट पुढेमागे सरकवताना 'किरकिर' होते ती रुळात गेलेल्या वाळूची. वळणावर अंग कलले की 'चर्रचर्र' होते ती रेक्झिनची. सीटची कड बाजूच्या प्लॅस्टिकला घासते. आणि बारीक, सतत 'टिकटिक' आली तर आधी रिकाम्या सीटचा पट्टा, डोके टेकायची उशी आणि सीटखाली पडलेले सामान पाहा. एका स्नेह्यांच्या गाडीत तीन आठवडे छळणारा आवाज हा सीटखाली घरंगळलेल्या अडकित्त्याचा निघाला.

एकट्याने हे काम होत नाही. घरातल्या कोणाला तरी सीटवर बसवावे आणि 'पुढे झुका, मागे रेला, डावीकडे कला' असे सांगावे. आपण दाराबाहेर उकिडवे बसून ऐकावे. हातभर रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाशी आणि दुसरे सीटखाली फिरवत न्यावे. जिथे आवाज एकदम मोठा होतो तिथे ठिकाण. डॉक्टरची नळी हेच करते. त्यावर भर म्हणून संशयाच्या जागी बोट ठेवावे. घासणारा भाग बोटाला बारीक थरथरतो, आणि दाबून धरला की बहुधा गप्प होतो. हे करताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, किल्ली काढून खिशात.

ठिकाण सापडो न सापडो, चारही बोल्ट तपासावेत. सीट पुढे ओढली की मागचे दोन दिसतात, मागे ढकलली की पुढचे दोन. काही गाड्यांत त्यांवर प्लॅस्टिकची टोपी असते, ती हलकेच उचलते. बोल्टाचे तोंड पुष्कळदा १४ नंबरच्या गोटीचे असते, काहींत चांदणीच्या आकाराचे. गोटी पाना लावून घट्ट आहेत का एवढे पाहावे. सैल असेल तर सरळ आट्यांत बसवून आवळावा. किती आवळायचा याचे माप गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात असते आणि त्या मापाने आवळणारा पानाही मिळतो. तो नसेल तर चांगल्या मेकॅनिककडून एकदा मापाने आवळून घ्यावा. अंगात जोर आहे म्हणून पान्यावर पाय देऊन उभे राहू नये. आटे जातात, आणि गेलेले आटे सैल बोल्टाहून वाईट. मग सीट दोन्ही हातांनी धरून जोराने पुढेमागे हलवावी. सीटला दोन रूळ असतात आणि दोन्हींचे खटके बसावे लागतात. एकच बसला तर सीट तिरपी कुरकुरते, आणि जोराचा ब्रेक लागला की सरकण्याची भीती असते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये.

इथे एक सावधगिरी. नव्या मोटारींच्या सीटखाली तारांचे प्लग असतात, त्यांत एखादा पिवळा असतो. पिवळा रंग हा एअरबॅगच्या तारांची खूण आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, आणि कित्येक गाड्यांत ती सीटच्या कडेतही बसवलेली असते. पिवळा प्लग ओढू नये, सोडवू नये, सीटच्या कडेचे शिवण उसवू नये. सीट सबंध बाहेर काढल्याशिवाय काम होत नसेल तर ते घरचे काम राहिले नाही, असे समजावे. मी स्वतः सीट कधी बाहेर काढली नाही, आणि काढायचा विचारही नाही.

बोल्ट झाले, की मग वंगण. रुळातली धूळ आधी कोरड्या ब्रशने काढावी. दात घासायचा जुना ब्रश यासाठी उत्तम. मग कापडाने जुने काळे ग्रीस पुसून घ्यावे. पेट्रोलने धुण्याचा मोह काहींना होतो. बंद गाडीत पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला बोलावणे. रूळ स्वच्छ झाले की पांढरे लिथियम ग्रीस बोटाने पातळ लावावे, सीट दहा वेळा पुढेमागे करावी, आणि बाहेर आलेले पुसून टाकावे. पुसायला कंटाळू नये, उरलेल्या ग्रीसवरच उद्याची वाळू बसणार आहे. गंज सोडवायचे जे फवारे डब्यात मिळतात ते गंज सोडवायला चांगले. त्यांतला बराच भाग उडून जातो, म्हणून ग्रीसचे काम त्यांच्यावर सोपवू नये. वंगणाचा हात पट्ट्याला, ब्रेकच्या पायपट्टीला आणि पायाखालच्या रबराला लागू देऊ नये.

स्प्रिंगांचे काम सोपे. आकडा जिथे घासतो तिथे जाड कापडी पट्टी किंवा फेल्टचा तुकडा सरकवून द्यावा. सायकलच्या ट्यूबचा तुकडाही चालतो, पण मग तिथे ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि सडते. रेक्झिन आणि प्लॅस्टिक घासत असेल तर सिलिकोनचा फवारा कापडावर मारून ते कापड फिरवावे, तेल नको. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे भाग लवकर कडक होतात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत काय होत असेल याचा अंदाज करा. सावलीत गाडी लावणे हाही सीटचाच इलाज आहे. डोके टेकायच्या उशीच्या दोन दांड्या काढून, पुसून परत बसवल्या तरी पुष्कळदा भागते. पाठीची बिजागरी मात्र उघडू नये. आत गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि ती सुटली तर बोटे घेऊन जाते. बाहेरून सांध्यावर दोन थेंब तेल, बस.

एवढे करूनही आवाज राहिला तर उजेड धरून सांगाड्याचे जोड पाहावेत. केसासारखी बारीक चीर दिसली, किंवा जोडाशी गंजाची तांबडी रेघ दिसली, तर वंगण पान्यासह बाजूला ठेवावे. आमच्या वाडीत वेल्डिंगवाले हाकेच्या अंतरावर, आणि दोन टाके मारून मिळायला वेळ लागत नाही. तरीही मारू नयेत. त्या सांगाड्याचे लोखंड ठराविक ताण सोसण्यासाठी बनवलेले असते, टाक्याच्या उष्णतेने त्याचा गुण बदलतो, आणि भोवतीचा फोम क्षणात पेट घेतो तो वेगळाच. सांगाडा बदलावा. खर्च होतो खरा.

मामांनी माझा बोल्ट आवळला त्याला आता दीड वर्ष झाले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "चहा सांगा," म्हणाले. चहा येईपर्यंत त्यांनी उरलेले तीन बोल्टही पाहिले, आणि त्यांतला आणखी एक अर्धा आटा फिरला. तेव्हापासून मी वर्षातून दोनदा हे काम करतो. एकदा पावसाळा सरल्यावर, कारण ओल रुळात शिरून गंज धरते, आणि एकदा होळीच्या आधी, धुळीचे दिवस लागण्यापूर्वी. तारीख एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी गाडीच्या कप्प्यात ठेवतो. गेल्या खेपेला मुलीने खाली वाकून चारही बोल्टांवर रंगाची एकेक रेघ मारून दिली, अर्धी बोल्टावर आणि अर्धी सांगाड्यावर. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. ट्रकवाले चाकांच्या नटांना अशीच खूण करतात, ती तिने रस्त्यावर पाहिली होती. आता पाना न लावताही नुसत्या नजरेने कळते. परवा पाहिले, चारही रेघा जागच्या जागी होत्या. कुरकुर येते ती मागच्या सीटच्या पट्ट्याची.